वराचे वय

सन १८९० च्या जुलै महिन्यात कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विल्सन यांच्यापुढे एक खटला उभा राहिला. आरोपीचे नाव हरिमोहन मैती; वय सुमारे पस्तीस. मयत म्हणजे त्याची पत्नी फुलमणी दासी. तिला दहा वर्षे पुरी झालेली होती. पतीच्या सहवासात झालेल्या इजेमुळे रक्तस्राव होऊन ती मरण पावली, याविषयी वैद्यकीय साक्षीत संदेह राहिलेला नव्हता. संदेह होता तो कायद्याविषयी. १८६० च्या दंडसंहितेने विवाहित मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे ठरविले होते, आणि फुलमणी दहा वर्षांची रेषा ओलांडून गेली होती. त्यामुळे बलात्काराचा आरोप आरोपीवर ठेवताच आला नाही. जिवाला धोका होईल अशा कृत्याने भारी दुखापत केली, या कलमाखाली त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बेपर्वाईने गाडी हाकून एखाद्याला जायबंदी करणाऱ्यालाही हेच कलम लागत असे.

हा खटला आपल्या सामाजिक इतिहासात प्रसिद्ध आहे आणि संमतिवयाच्या वादाची हकीकत सांगणारा प्रत्येक लेखक त्याचा उल्लेख करतो. परंतु त्यातील एका गोष्टीकडे फारसे कोणी थांबून पाहिलेले दिसत नाही. मुलीचे वय दहाच्या वर की खाली, या एका प्रश्नावर आरोपीचे सारे भवितव्य अवलंबून होते. त्याच्या स्वतःच्या वयावर काहीच अवलंबून नव्हते. तो पंधराचा असता तरी कलम तेच आणि पन्नाशीचा असता तरी तेच. माझा व्यवसाय सरकारी कागदांचा आहे. म्हणून एखाद्या तक्त्यात कोणता रकाना आहे यापेक्षा कोणता नाही याकडे माझे लक्ष आधी जाते. कोवळ्या मुलींना लग्नामुळे होणाऱ्या अपायांविषयी गेल्या सव्वाशे वर्षांत जे कागद झाले, त्यांत वधूच्या वयाचा रकाना सर्वत्र आहे. वराच्या वयाचा रकाना मधूनच दिसतो आणि पुन्हा नाहीसा होतो. त्या रकान्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

फुलमणीच्या मृत्यूने देशभर खळबळ उडाली ती कोऱ्या जमिनीवर नव्हे. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली होती. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर नांदावयास येण्यासाठी दावा लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला; १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदावयास जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले; आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटविण्यात आले. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत आयुष्य वेचले. नको त्या लग्नातून सुटलेली मुलगी पुढे लेकुरवाळ्या मुलींवर उपचार करू लागली. परंतु १८९० मध्ये त्या अजून विद्यार्थिनीच होत्या.

त्या वर्षी बोलल्या त्या हिंदुस्थानात आधीपासून काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टर. त्यांचे बोलणे का महत्त्वाचे ठरले हे आज सहसा ध्यानात येत नाही. पुरुष डॉक्टरला माजघरात प्रवेश नव्हता. फार तर पडद्याआडून नाडी पाहावयाची, आणि तेही घरातील वडील माणसांची मर्जी असेल तर. माजघरात काय घडते हे सरकारला ठाऊक नव्हते, सुधारकांना ऐकून ठाऊक होते, आणि सनातन्यांना ते मान्य नव्हते. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने निधी उभारला गेला, १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले, मिशनांचे दवाखाने होतेच. आणि या मार्गाने प्रथमच काही शिकलेल्या स्त्रिया त्या बंद दारांच्या आत पोचल्या. १८९० मध्ये डॉ. मॅन्सेल या अमेरिकन मिशनरी बाईंच्या पुढाकाराने ५५ स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्याकडे अर्ज केला. आपल्या हातांखालून गेलेल्या बालिकांची उदाहरणे त्यांनी त्यात दिली आणि वयाची मर्यादा चौदा करावी अशी मागणी केली. कामा रुग्णालयातील डॉ. ईडिथ पीची यांनी त्याच वर्षी मुंबईतील हिंदू मंडळींपुढे बालविवाहावर जाहीर व्याख्यान दिले.

मुंबई इलाख्यात मात्र वादाला वेगळेच वळण लागले. डॉ. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे आधार काढून दाखविले की गर्भाधान पुढे ढकलल्याने धर्म बुडत नाही. न्यायमूर्ती रानडे व न्यायमूर्ती तेलंग कायद्याच्या बाजूस होते. लोकमान्य टिळकांनी केसरीतून विरोध केला; त्यांचे मुख्य म्हणणे असे की परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याचा हात घालू नये. या वादात कोण जिंकले हा प्रश्न आता शिळा झाला आहे. मला लक्षणीय वाटते ते टिळकांचे १८९० मधील एक प्रतिपादन, ज्याचा उल्लेख त्यांचे विरोधक टाळतात आणि भक्तही फारसा करीत नाहीत. सुधारकांनी आधी आपल्यापुरता नियम बांधून घ्यावा, असे सांगताना त्यांनी जी कलमे मांडली, त्यांत मुलीचे लग्न सोळाच्या आत व मुलाचे विसाच्या आत करू नये, ही होतीच. शिवाय, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये आणि करणेच झाल्यास विधवेशी करावे, असेही होते. म्हणजे वराच्या वयाला वरची मर्यादा. सरकारी विधेयकात ती नव्हती आणि सुधारकांच्या मागणीतही नव्हती. कायद्याचा विरोधक म्हणून गाजलेल्या पुरुषाच्या कागदावर ती होती. अर्थात ती स्वेच्छेची होती आणि स्वेच्छेच्या कलमांचे जे होते तेच तिचे झाले.

९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले. सर रमेशचंद्र मित्रांनी कौन्सिलात त्यास विरोध केला, आणि १९ मार्चला ते मंजूर झाले. मर्यादा दहाची बारा झाली. स्त्री-डॉक्टरांनी मागितली होती चौदा.

वराचे वय कायद्यात उतरले ते एका संस्थानात. म्हैसूर दरबाराने १८९४ मध्ये जो निर्बंध केला, त्यात आठ वर्षांखालील मुलीचे लग्न हा गुन्हा ठरविला. ही मर्यादा आज वाचून खेद वाटावा इतकी खालची आहे. परंतु त्याच निर्बंधात दुसरे कलम होते: पन्नास वर्षांवरील पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करणे हाही गुन्हा. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात १९०४ मध्ये केलेला कायदा मुलीला बारा आणि मुलाला सोळा अशी खालची मर्यादा घालणारा होता. तो म्हैसूरच्या निर्बंधाहून पुष्कळ पुढचा खरा. पण म्हाताऱ्या नवऱ्याचा विचार म्हैसूरनेच केला होता. आपल्याकडे हे काम कायद्याने केले नाही, रंगभूमीने केले. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले आणि भुजंगनाथ हे नाव जरठ वराचे पर्यायनाम होऊन बसले. पुढे १९२९ मध्ये अजमेरच्या हरविलास सारडा यांचा कायदा झाला, तेव्हा मराठी मुलखात त्याला सर्रास ‘शारदा कायदा’ म्हणू लागले, आणि तो देवलांच्या नायिकेवरूनच पडलेला आहे असे समजणारी माणसे पुष्कळ होती. ही चूक कोणी सुधारली नाही, हे बरेच झाले.

आता १९२७ कडे येऊ. त्या वर्षी कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचे ‘मदर इंडिया’ प्रसिद्ध झाले आणि हिंदी स्त्री आठव्या ते चौदाव्या वर्षांच्या दरम्यान आई होते हे सर्वसाधारण चित्र म्हणून जगापुढे मांडण्यात आले. पुराव्यादाखल बाईंनी ज्या वैद्यकीय उदाहरणांचा आश्रय केला, त्यांत १८९० च्या स्त्री-डॉक्टरांच्या अर्जातील उदाहरणे होती. ती खरी होती. पण छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीची होती, आणि मुळातच ती सर्वांत भयंकर म्हणून निवडलेली होती. एक अर्ज कायदा घडविण्यासाठी लिहिला जातो, आणि एका पिढीनंतर तोच एका राष्ट्राच्या बदनामीचे साधन होतो. गांधीजींनी या पुस्तकाला गटारे तपासणाऱ्याचा अहवाल म्हटले ते सर्वश्रुत आहे. मला त्याहून मोलाचे वाटते ते डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात टाइम्स ऑफ इंडियाला लिहिलेले पत्र. बाल्फर या हिंदुस्थानात दीर्घकाळ वैद्यकीय सेवेत राहिलेल्या बाई. त्यांनी रागावून काही लिहिले नाही, आकडे लिहिले. मुंबईच्या रुग्णालयांत पहिलटकरीण म्हणून आलेल्या ३०४ हिंदू मातांच्या नोंदी त्यांच्याजवळ होत्या. सरासरी वय १८.७ वर्षे. शेकडा ८५.६ जणी सतरा किंवा त्याहून मोठ्या; शेकडा १४.४ सतराच्या आतल्या. सर्वांत लहान चौदा वर्षांची, आणि तशा तीन. मद्रासच्या प्रसूतिगृहातील १९२२ ते १९२४ या काळातील २,३१२ पहिलटकरणींचे सरासरी वय १९.४, त्यांत तेरा वर्षांच्या सात आणि चौदा वर्षांच्या बावीस.

या पत्राचा उपयोग त्या काळी मेयोबाईंना उत्तर म्हणून झाला, आणि ते योग्यच होते. आठ वर्षांची आई ही सर्वसाधारण गोष्ट नव्हती, हे त्याने सिद्ध झाले. पण तेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचून पाहावेत. मुंबईच्या ३०४ पैकी शेकडा १४.४ म्हणजे सुमारे ४४ मुली. मद्रासच्या २,३१२ पैकी शेकडा १३.८ म्हणजे सुमारे ३१९. आणि या शहरातील, रुग्णालयापर्यंत येऊ शकलेल्या. खेड्यात सुइणीच्या हातून ज्यांची सुटका झाली किंवा झाली नाही, त्या या तक्त्यात येतच नाहीत. बाल्फर यांच्या पत्राने सूड आणि लाज या दोहोंच्या कचाट्यातून हा विषय सोडविला आणि तो मोजण्याचा विषय केला. निवडक भयंकर उदाहरणांवरून धोका आहे एवढेच कळते. तो किती आहे हे सगळ्या नोंदी मोजल्याशिवाय कळत नाही. वैद्यकाच्या इतिहासात ही पायरी फार मोठी आहे. एवढे मात्र खरे की त्या आकड्यांतही नवऱ्याचे वय कोठे येत नाही.

शिरगणतीची अडचण तर आणखी चमत्कारिक होती. शिरगणतीच्या तक्त्यांत विवाहित पुरुषांचे वयोगट आहेत आणि विवाहित स्त्रियांचेही आहेत. परंतु ते वेगवेगळ्या स्तंभांत. पंधराच्या आतील अमुक लाख विवाहित मुली आहेत हे कळते. त्यांतील किती जणींचे नवरे विशीतले, किती जणींचे चाळिशीतले, हे त्या तक्त्यांवरून कोणालाही सांगता येत नव्हते. जोडप्यातील दोघे एकाच घरात राहत. कागदावर मात्र त्यांची ताटातूट झालेली होती.

१९२८ मध्ये सरकारने संमतिवय समिती नेमली. तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. सभासदांत डॉ. बीडन या स्त्री-डॉक्टर होत्या आणि रामेश्वरी नेहरू होत्या. म्हणजे १८९० मध्ये ज्यांनी बाहेरून अर्ज केला, त्यांच्या परंपरेतील एक बाई आता टेबलाच्या आतल्या बाजूस बसली होती. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि १९२९ मध्ये अहवाल दिला. कायद्याने आखलेली वयाची रेषा लोकांना ठाऊकच नाही, हे तिला ठिकठिकाणी आढळले. दाराआड घडणाऱ्या गुन्ह्याला साक्षीदार कोठून मिळणार? तेव्हा मर्यादा सहवासाला नव्हे, लग्नालाच घालावी, मुलीचे लग्नाचे वय किमान चौदा असावे, आणि जन्म व विवाह यांच्या नोंदी ठेवाव्यात, असे समितीने सुचविले.

सारडांचा कायदा त्याच साली सप्टेंबरात मंजूर झाला. त्यात मुलीला चौदा व मुलाला अठरा ही मर्यादा होती. या कायद्यात वराच्या वयाचा रकाना पुन्हा एकदा डोकावतो. बालिकेशी लग्न करणारा अठरा ते एकवीस वयाचा असेल तर त्याला फक्त दंड, आणि एकविसाच्या वरचा असेल तर दंड किंवा एक महिन्यापर्यंत साधी कैद. मोठ्या वयाच्या माणसाचा अपराध अधिक, हे तत्त्व मान्य झाले. पण एकविसाच्या पुढे सगळे सारखेच. बाविसाचा तरुण आणि बासष्टचा विधुर एकाच पारड्यात. त्यातही फिर्याद खाजगी माणसाने करावयाची आणि फिर्यादीकडून शंभर रुपयांपर्यंतचे तारण घ्यावयाचे. शेजाऱ्याच्या मुलीसाठी शंभर रुपये अडकवून ठेवणारा शेजारी त्या काळी किती गावांत मिळाला असता?

कायदा अमलात आला १ एप्रिल १९३० रोजी. मंजुरी आणि अंमल यांमध्ये सहा महिने गेले, आणि त्या सहा महिन्यांत लग्नांची झुंबड उडाली. १९२१ च्या शिरगणतीत पंधराच्या आतील विवाहित मुली सुमारे ८५ लाख होत्या. १९३१ मध्ये त्या १ कोटी २० लाखांच्या पुढे गेल्या. वय लिहून घेण्याची पद्धत मध्यंतरी बदलली होती, त्यामुळे ही सारी वाढ खरी मानता येत नाही. तरीही कायद्याने आधी तारीख जाहीर करून लोकांना पळवाट दाखविली असे म्हणण्यास जागा आहे.

त्यापुढची कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. मुलीच्या लग्नाचे वय १९४९ मध्ये पंधरा झाले आणि १९७८ मध्ये अठरा. परंतु दंडसंहितेतील विवाहित मुलीच्या संमतीचे वय पंधरावरच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ते अठरा मानावे असा निर्णय दिला. एका कायद्याने जे लग्न निषिद्ध केले, त्यातील सहवासाला दुसऱ्या कायद्याने एकोणचाळीस वर्षे मुभा दिली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अठरा हीच मर्यादा आहे.

वैद्यकाला वराच्या वयाकडे वळविले ते एका नव्या रोगाने. लहान वयातील बाळंतपणाचा धोका मुलीच्या शरीराचा असतो. कोवळी कटी, अडलेली प्रसूती, रक्तक्षय. तेथे बापाचे वय काहीही असले तरी मातेचे हाड तेच. पण १९८० नंतर एड्स आला आणि प्रश्न उलटा झाला. आता धोका पुरुषाच्या गतायुष्यातून येत होता. पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या व तिच्या सहकाऱ्यांच्या शास्त्रज्ञांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ३९१ जणी वेश्याव्यवसायातील नव्हत्या. बहुतेक विवाहित आणि नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यात शेकडा १३.६ जणींना एच.आय.व्ही.ची बाधा आढळली. या स्त्रिया वयाने मोठ्या होत्या, किशोरी नव्हत्या. पण पातिव्रत्य हे संरक्षण नाही, आणि नवरा कोण आहे यावर पत्नीचे आरोग्य ठरते, ही गोष्ट त्या संशोधनाने १९९७ मध्ये निर्विवाद मांडली.

कुमारवयीन मुलींपुरता हा प्रश्न अधिक बारकाईने तपासला गेला तो आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागांत, कारण तेथे ही साथ सर्वसाधारण जनतेत पसरली होती आणि पंधरा ते चोवीस वयाच्या मुलींत बाधेचे प्रमाण त्याच वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळत होते. मुलींना ती बाधा सवंगड्यांकडून होत नसेल, तर ती कोठून येते? उत्तर साधे होते आणि तरीही ते मोजावे लागले. पुरुष जितका मोठा तितकी त्याच्या मागे वर्षे अधिक, आणि म्हणून बाधेचा संभव अधिक. शिवाय फीचे पैसे देणाऱ्या माणसाला मुलगी नाही म्हणू शकत नाही, निरोध वापरा असेही सांगू शकत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात विषाणूंच्या अनुवंशाचा माग काढून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पंचविशीच्या आतील स्त्रियांना ज्यांच्यापासून बाधा झाली असावी ते पुरुष त्यांच्याहून सरासरी ८.७ वर्षांनी मोठे होते. त्याच प्रांतातील २०१४ च्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र तरुण स्त्रियांच्या बाबतीत जोडीदाराचे वय व नवी बाधा यांचा संबंध आढळला नव्हता. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले आहेत. शास्त्र असेच चालते, आणि एकाच अभ्यासावर कायदा करू पाहणाऱ्यांनी हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

पश्चिम केनियातील प्रयोग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. पास्कालीन द्यूपा या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये ३२८ प्राथमिक शाळा घेतल्या. त्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ७१ शाळांत आठवीच्या मुलींना एक लहानसा चित्रपट दाखविण्यात आला आणि वेगवेगळ्या वयांच्या पुरुषांत बाधेचे प्रमाण किती आहे ते फळ्यावर लिहून दाखविण्यात आले. सगळा कार्यक्रम चाळीस मिनिटांचा. उपदेश नाही, धमकी नाही. फक्त वयोगट आणि त्यापुढे आकडे. वर्षभरात त्या शाळांतील मुलींच्या गर्भधारणांचे प्रमाण इतर शाळांपेक्षा शेकडा २८ ने कमी भरले, आणि घट झाली ती मुख्यतः मोठ्या पुरुषांपासून होणाऱ्या गर्भधारणांत. शिक्षकांना सरकारी अभ्यासक्रमाचे खास प्रशिक्षण देऊन लग्नापर्यंत ब्रह्मचर्य पाळा असे जेथे शिकविले, त्या शाळांत गर्भधारणा कमी झाल्या नाहीत. ज्या मुलींविषयी एक शतकभर न्यायाधीश, शास्त्री, संपादक आणि आमदार बोलले, त्यांच्याशी येथे कोणीतरी थेट बोलले होते, आणि बोलताना पुरुषाच्या वयाचा रकाना त्यांच्यापुढे उघडा ठेवला होता.

आपल्याकडे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २३.३ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. २००५-०६ मध्ये हे प्रमाण शेकडा ४७.४ होते. अर्ध्यावर आलेले प्रमाण हे यश आहे. उरलेला अर्धा भाग लाखोंच्या संख्येचा आहे. मोरोपंत जोशी समितीने मागितलेली विवाहनोंदणी सक्तीची करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व राज्यांना दिला. महाराष्ट्राने त्याआधीच १९९८ चा आपला अधिनियम केला होता. त्या अर्जात वर आणि वधू या दोघांचेही वय लिहावे लागते. अठराच्या आतल्या मुलीचे लग्न मात्र त्या कार्यालयापर्यंत येतच नाही.